सुखोई डोक्यावरून गेलं की काय बघायचं, आणि अपघाताची बातमी आली की काय करायचं

आम्ही धानोरीत राहतो. पुण्यात लोहगावच्या वायुसेनेच्या तळावरून सुखोईंची, म्हणजे लढाऊ विमानांची, जोडी उठली की आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात, आणि आई अजूनही हातातलं काम सोडून एकदा वर बघते. तर परवा भाचा आला होता, नववीत आहे, गच्चीवर उभा राहून विचारतो, मामा तुला नुसत्या आवाजावरून कसं कळतं कोणतं विमान आहे ते, मला पण शिकव. त्याला सांगत बसलो आणि सांगता सांगता दोन तास गेले, मग वाटलं हे लिहूनच काढावं, कारण हा नाद लागलेली पोरं आता खूप दिसतात आणि त्यातली निम्मी थेट अपघाताच्या व्हिडिओपासून सुरुवात करतात, ते मला बघवत नाही. आधी विमान ओळखायला शिका, अपघाताचं त्यानंतर.

पहिली गोष्ट वारा. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उडतं आणि उतरतं, त्यामुळे वारा कुठून येतोय हे कळलं की कुठे उभं राहायचं ते कळलं. लोहगावची धावपट्टी १०/२८ आहे, म्हणजे एका टोकाकडून धावलात तर होकायंत्रावर साधारण १०० अंश, उलट धावलात तर २८०. शेवटचं शून्य काढून टाकतात, बाकी त्या आकड्यात काही गूढ नाही. पश्चिमेचा वारा असला की २८ चालू, मग उतरणारी विमानं वाघोलीच्या बाजूने येतात आणि उठणारी आमच्या अंगावर येतात. वारा फिरला की सगळं उलटं. सकाळी हवामानाचा विमानतळ रिपोर्ट बघायची सवय लावा, मेटार म्हणतात त्याला, पुण्याचा कोड व्हीएपीओ. त्यात वाऱ्याची दिशा अंशात आणि वेग नॉटमध्ये दिलेला असतो, दोन दिवसांत वाचता यायला लागतो. फ्लाइटरडारवर, म्हणजे उडणारी विमानं नकाशावर दाखवणाऱ्या ॲपवर, फार विसंबू नका, प्रवासी विमानं दिसतात, वायुसेनेची मालवाहू कधीमधी दिसतात, फायटर शोधत बसलात तर वेळ फुकट.

आता आकार. रंग बघायचाच नाही, आकाशात वर बघताना सगळं काळंच दिसतं. बघायच्या चार गोष्टी, पंखांचा आकार, शेपट्या किती, इंजिनं किती, आणि नाकापाशी छोटे पंख आहेत का. एवढ्यावर भारतातली जवळजवळ सगळी फायटर वेगळी काढता येतात.

सुखोई-३० एमकेआयपासून सुरुवात करा, पुण्यात दुसरं काय दिसणार म्हणा. २७ सप्टेंबर २००२ ला ही विमानं लोहगावलाच वायुसेनेत दाखल झाली, त्यामुळे हे आमचं घरचं विमान. सुमारे २२ मीटर लांब, म्हणजे दोन एसटी बस एकापुढे एक उभ्या केल्या तर जेवढं होईल तेवढं, आणि पंख १४.७ मीटर. दोन शेपट्या, दोन इंजिनं एकमेकांपासून लांब, आणि त्या दोघांच्या मधून मागे निघालेला एक लांब दांडा. नाक थोडं खाली वाकलेलं असतं, कॉकपिटच्या मागे पाठीला बाक येतो, हंस उडताना मान पुढे काढतो ना तसं काहीसं. आणि पंखांच्या पुढे ते दोन छोटे पंख, कॅनार्ड. हे एकदा डोळ्यात बसलं की विसरणं शक्य नाही. पुढे दोघं बसतात, एकामागे एक. उतरताना चाकं टेकली की मागून ब्रेकचं पॅराशूट उघडतं, ते बघायला मिळालं तर दिवस सार्थकी लागला समजा.

आवाजाचं म्हणाल तर आफ्टरबर्नर लावून उठतं तेव्हा आवाज कानात येण्याआधी छातीत येतो. आफ्टरबर्नर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम झोतात वरून आणखी इंधन मारायचं आणि पेटवायचं, ताकद खूप वाढते पण इंधन पाण्यासारखं जातं म्हणून उठताना किंवा गरजेपुरतंच लावतात. संध्याकाळी अंधार पडायच्या वेळेला मागचे दोन नारिंगी ठिपके दिसतात ना, ते हेच. ठिपके विझले आणि आवाज एकदम मऊ झाला की समजायचं पायलटने आफ्टरबर्नर काढला.

नौदलाचं मिग-२९के बघायचं असेल तर गोव्याला, दाबोळीच्या नौदल तळाला, आयएनएस हंसाला. लांबून सुखोईचं धाकटं भावंड वाटतं, दोन शेपट्या दोन इंजिनं, पण कॅनार्ड नाहीत आणि आकाराने बरंच लहान. तेजस एकदम छोटं, १३.२ मीटर, एक इंजिन, एक शेपटी, त्रिकोणी पंख आणि मागे आडवे पंख नाहीतच. मिराज पण त्रिकोणी, पण मोठं, आणि तेजसच्या पंखाची पुढची कड मध्येच वळते तशी मिराजची वळत नाही, सरळ जाते. राफेलला त्रिकोणी पंखांपुढे कॅनार्ड असतात, इंजिनं दोन पण शेपटी एक. जग्वारचे पंख अंगाच्या वरच्या बाजूला बसवलेले, पाय उंच, आणि मागचे आडवे पंख खाली झुकलेले. आज जगात जग्वार उडवणारी एकच वायुसेना आहे आणि ती आपली. मालवाहूंमध्ये एएन-३२ ची इंजिनं पंखाच्या वर चढवून बसवल्यासारखी दिसतात, सी-१३० जे ला चार पंखे आणि प्रत्येकाला सहा पाती, सी-१७ इतकं अवाढव्य की आलं तर सांगावं लागत नाही. हेलिकॉप्टरची पाती मोजा, चेतकला तीन, ध्रुवला चार, एमआय-१७ ला पाच. मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढला की पाती सहज मोजता येतात, पण व्हिडिओ कुठे काढायचा नाही ते पुढे सांगतो.

ओझरजवळ राहणाऱ्यांचा मला हेवा वाटतो. मिग-२१ बनवायला म्हणून नाशिकजवळ तिथे एचएएलचा, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीचा, कारखाना १९६४ मध्ये उभा राहिला, मग तिथेच मिग-२७, मग सुखोई, आणि १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथे बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. तिकडे द्राक्षाच्या बागेत काम करणारी माणसंसुद्धा वर न बघता सांगतात, हे टेस्टिंगचं आहे म्हणून.

एक वही ठेवा. फार काही नाही, तारीख, वारा, कोणतं विमान, किती गेली आणि किती आली. गेली आणि आली हे दोन वेगळे रकाने हवेत, का ते तुम्हाला आठवडाभरात आपोआप कळेल, कारण दोन गेलेली असतात आणि एकच आलेलं असतं तेव्हा तुम्ही चहा गार होईपर्यंत कठड्याला टेकून उभे असता, आणि मग दुसरं लांबून दिसलं की जीव भांड्यात पडतो. बहुतेक वेळा ते नुसतं सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्याआधी विमानतळाभोवती मारतात त्या फेरीत, एक चक्कर जास्त मारून आलेलं असतं.

पण ही वही घरात. किती वाजता किती उठली, शेपटीवरचा नंबर काय, कुठल्या दिशेला गेली, यातलं काहीही ऑनलाइन टाकायचं नाही. मे २०२५ मध्ये लष्करी हालचालींचं लाइव्ह दाखवू नका असं सरकारला मीडियाला सांगावं लागलं, तेच आपल्यालाही लागू आहे असं धरून चाला. लोहगाव, दाबोळी हे लष्कराचे तळ आहेत, तिथे प्रवासी म्हणून गेलात तरी धावपट्टीचे, हँगरचे फोटो काढायचे नाहीत, भिंतीजवळ मोठी लेन्स घेऊन उभं राहायचं नाही, आणि गार्डने हटकलं तर वाद न घालता निघायचं. फोटोची हौस एअर शोला पुरी करा. बेंगळुरूत येलहंकाला एक वर्षाआड एरो इंडिया असतं. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर वायुसेनेची हवाई कसरती करणारी सूर्यकिरण आणि सारंग ही पथकं आली होती, समुद्रावरून सूर्यकिरणची नऊ हॉक विमानं एका ओळीत वळताना बघितली ती अजून डोळ्यासमोर आहेत. आणि गोव्यात दाबोळीजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे सी हॅरियर, अलिझे, सुपर कॉन्स्टेलेशन अगदी हाताच्या अंतरावर उभी आहेत, हवे तेवढे फोटो काढा. बीचवरचा एक दिवस कमी करा आणि तिथे जा, मी तर म्हणेन अर्धा दिवस नुसता सी हॅरियरच्या खाली वाकून त्याची इंजिनाचा झोत वळवणारी फिरती नळकांडी बघण्यात घालवा.

आता अपघात. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय.

बातमी येते तेव्हा पहिल्या तासात जे काही येतं त्यातलं निम्मं चूक असतं, हे मनात पक्कं करा. २७ फेब्रुवारी २०१९ ला काश्मीरमध्ये बडगामला एमआय-१७ पडलं तेव्हा सगळीकडे तांत्रिक बिघाड तांत्रिक बिघाड चाललं होतं, सहा जवान आणि जमिनीवरचा एक माणूस गेला. ऑक्टोबरमध्ये वायुसेनाप्रमुखांनी स्वतः सांगितलं की ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, ती आपली मोठी चूक होती. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरला जनरल बिपिन रावत यांचं हेलिकॉप्टर पडलं तेव्हा तर घातपातापासून काय काय बोलले लोक. तिन्ही दलांच्या चौकशीत निघालं ते असं, दरीत हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, पायलटची दिशेची जाणीव हरपली आणि चालू स्थितीतलं हेलिकॉप्टर डोंगरावर गेलं. यंत्र बिघडलेलं नव्हतं, घातपात नव्हता.

ही दिशेची जाणीव हरपणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या, म्हणजे पायलट झोपला होता का वगैरे कुणी बोलणार नाही. आपल्या कानाच्या आत पातळ द्रव भरलेल्या बारीक नळ्या असतात, डोकं वळलं की तो द्रव हलतो आणि मेंदूला कळतं आपण वळतोय. पण वळण अगदी हळूहळू आणि बराच वेळ चाललं की द्रव स्थिर होतो, मग कान सांगतो तू सरळ आहेस. बाहेर क्षितिज दिसत असलं तर डोळे कानाला दुरुस्त करतात, ढगात क्षितिजच नाही. मग समोरचं यंत्र सांगतं तू कललायस आणि सगळं शरीर ओरडून सांगतं तू सरळ आहेस, आणि ठरवायला काही सेकंद असतात. घरी करून बघा, फिरत्या खुर्चीवर डोळे बांधून बसा आणि कुणाला तरी एकाच वेगाने हळू फिरवायला सांगा, मग थांबवायला सांगा. थांबल्यावर तुम्ही छातीठोकपणे सांगाल की मी उलट्या बाजूला फिरतोय. भाच्याला केलं हे, तो खुर्ची धरून बसला.

म्हणून पायलट एरर हा शब्द पहिल्या दिवशी तोंडातून काढू नका. २००१ मध्ये राजस्थानात सुरतगडला रात्री मिग-२१ घेऊन उठताना फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ गेले. दोष त्यांच्यावर आला. आईवडील, कविता आणि अनिल गाडगीळ, यांनी ते मान्य केलं नाही, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि शेवटी मुलावरचा तो डाग वायुसेनेकडून पुसून घेतला. मग पुण्यात विमानोड्डाणाचं प्रशिक्षण देणारी संस्थाही काढली. मुलगा गेला आणि वर दोषही त्याच्याच माथी. आपण गच्चीवर चहा पीत पायलटचीच चूक म्हणून मोकळे होतो तेव्हा कुणाच्या तरी घरात ते वाक्य पुढची कितीतरी वर्षं राहणार असतं.

आणि मिग-२१ ला लोक म्हणतात तो उडती शवपेटी हा शब्द. मला तो अजिबात आवडत नाही, ज्यांनी ते विमान चाळीस चाळीस वर्षं राखलं त्या ओझरच्या कामगारांचाही तो अपमान आहे. मिग-२१ १९६३ मध्ये आलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निवृत्त झालं, बासष्ट वर्षं, आणि ८०० च्या वर विमानं आपल्याकडे होती. अपघात खूप झाले, ते नाकारायचं नाही. पण कारण शोधताना हेही बघा की ते उतरतानाच ताशी ३०० किलोमीटरच्या वर असायचं, आणि आपल्या पोरांना साध्या संथ ट्रेनर विमानावरून उचलून थेट त्यात बसवलं जायचं. मधली पायरी हवी, प्रगत जेट ट्रेनर हवा, असं ला फाँटेन समितीने १९८२ मध्ये लिहून दिलं होतं. तो ट्रेनर, हॉक, आला २००८ मध्ये. मधली सव्वीस वर्षं मोजा आणि मग सांगा दोष नुसता विमानाचा होता का.

तुलना करायची तर अपघातांची नुसती संख्या घेऊ नका, दर १०,००० उड्डाण तासांमागे किती ते बघा. संसदेसमोर आलेल्या आकड्यांत वायुसेनेचा हा दर २०००-०५ मध्ये ०.९३ होता, तो २०२०-२४ मध्ये ०.२० पर्यंत आला. असे आकडे संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या कागदांत मिळतात, रटाळ वाटतात पण वाचा. कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा, म्हणजे अपघाताच्या लष्करी चौकशीचा, पूर्ण अहवाल सहसा बाहेर येत नाही, त्यामुळे जे मिळतं ते इथूनच.

फोटो आणि नावं. पायलटचं नाव वायुसेनेने जाहीर करेपर्यंत कुठेही पुढे पाठवायचं नाही. मी एकदा पाठवलंय, एका मित्राकडून आलं होतं, खरं निघालं, पण त्या वेळेला घरच्यांना अजून अधिकृत कळवलेलं नव्हतं हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. माझ्यामुळेच त्यांना कळलं असं नाही, पण मी त्या साखळीत होतो, आणि ती गोष्ट मला आजही बोचते. उचलली जीभ लावली टाळ्याला हे या बाबतीत फार महागात पडतं, आपल्याला नाही, दुसऱ्याला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, विमान तुमच्याच शेतात किंवा गावाजवळ पडलं तर. हे हसण्यावारी नेऊ नका, डिसेंबर २०११ मध्ये पुण्याजवळ वाडेबोल्हाईला सुखोई पडलं, ऑक्टोबर २०१४ मध्ये पुण्याजवळच थेऊरला पडलं आणि त्यानंतर सगळा सुखोईंचा ताफा काही काळ जमिनीवर ठेवला होता, आणि ४ जून २०२४ ला, लोकसभेचा निकाल लागत होता त्या दिवशी, निफाड तालुक्यात शिरसगावला शेतात पडलं. तिन्ही वेळेला वैमानिक पॅराशूटने उतरून वाचले. म्हणजे अशा वेळी पहिले पोचणारे तुमच्यासारखेच लोक असतात.

आधी ११२ ला फोन. मग विमानाकडे नाही, वैमानिकाकडे जा. इजेक्शन सीट रॉकेटवर चालते, जमिनीवर उभ्या विमानातूनही माणसाला वर फेकून वाचवता येईल एवढी ताकद, त्या एका झटक्यात मणक्यावर इतका दाब येतो की कण्याला इजा होणं हे नेहमीचं आहे. तो बोलत असेल, हसत असेल, मी ठीक आहे म्हणत असेल, तरी त्याला उठवून बसवू नका, चालवू नका, खांद्यावर घेऊन मिरवू तर अजिबात नका. हेल्मेट ओढून काढू नका. आडवं राहू द्या, सावली करा, पांघरूण घाला, आणि कुणीतरी एकाने बोलत राहा. पॅराशूट वाऱ्याने फुगून त्याला ओढत असेल तर कापडाच्या कडेला धरून ते खाली दाबून बसवा. त्याच्या अंगावरच्या कुठल्याही बटणाला, दोरीला, डब्याला हात लावू नका.

मोडतोडीपासून सगळ्यांना काही शे मीटर लांब ठेवा, आणि उभं राहायचं ते वारा आपल्या पाठीकडून विमानाकडे जाईल अशा बाजूला. धूर साधा नसतो, तेजससारख्या विमानाच्या सांगाड्यात ४५ टक्के कार्बन कॉम्पोझिट आहे, ते जळलं की बारीक धागे हवेत उडतात आणि फुफ्फुसात जातात. तोंडावर ओला रुमाल बांधा, तरी जवळ जाऊ नका. लांब पडलेली रिकामी सीट दिसली तर तिच्यात न उडालेलं काडतूस असू शकतं. पोरं तुकडे उचलून घरी नेतात, आठवण म्हणून, ते पहिलं थांबवा. एखादा वाकलेला बोल्ट, पंख्याचं तुटलेलं पातं यावरून चौकशीवाले इंजिन आधी बंद पडलं की जमिनीवर आपटल्यावर ते सांगू शकतात. ब्लॅक बॉक्स नारिंगी असतो, दिसला तर जागा लक्षात ठेवा आणि पोलिसांना सांगा.

आणि अपघात होण्याआधीचं एक काम आपल्याच हातात आहे. १६ नोव्हेंबर २०१९ ला गोव्यात वेर्णा पठारावर मिग-२९के पडलं ते पक्ष्यांच्या थव्यामुळे, एक इंजिन विझलं, दुसऱ्याला आग लागली, दोघा वैमानिकांनी विमान वस्तीपासून दूर नेलं आणि मगच बाहेर पडले. पक्षी येतात कचऱ्याला. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकणं, जनावरं कापणं याला कायद्यानेच बंदी आहे, आणि तरी आमच्याकडे ओढ्याच्या कडेला मांसाचे तुकडे पडलेले असतात आणि वर घारी फिरत असतात. असं दिसलं की फोटो काढा, महापालिकेत तक्रार टाका, नंबर घ्या, आठ दिवसांनी परत विचारा. मी आणि शेजारच्या काकूंनी मिळून एक जागा साफ करून घेतली, चार महिने लागले. लग्नाच्या वरातीत वर लेझर मारणाऱ्यांनाही त्याच वेळी जाऊन सांगा, वर विमान उतरवणाऱ्या वैमानिकाच्या डोळ्यात जातो तो.

भाच्याला मी वही घेऊन दिली. मागच्या पानांवर अपघातांसाठी वेगळे रकाने आखून दिलेत आणि कारणाचा रकाना पेन्सिलनेच भरायचा असं सांगितलंय, माझ्या वहीत बडगामचं कारण एकदा खोडलंय आणि कुन्नूरचं तीनदा, मगच पेनाने लिहिलं. पुढच्या पानावर त्याने काल स्वतःची पहिली नोंद केली, वारा पश्चिमेचा, सुखोई, गेली २, आली २.